दुसऱ्याचं वाचायचं नाही

माझ्या नणंदेच्या घरात नियम एकच, पण काळ्या दगडावरची रेघ: दुसऱ्याचं वाचायचं नाही. कपाचा कान तुटलेला असो, खिडकीचा पडदा वर्षभर धुतलेला नसो, वन्संना त्याचं काही नसतं. पण टेबलावर गिऱ्हाइकाचा कागद पडला असेल आणि तुमची नजर चुकून जरी त्यावर रेंगाळली, तर त्या बोलत नाहीत, फक्त कागद पालथा करतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर असा एक कागद पालथा केला होता. त्याला सव्वीस वर्षं झाली. मला अजून त्याची लाज वाटते आणि थोडा रागही येतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. धंद्याने टायपिस्ट. वडील गेले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या आणि भाऊ सहावीत. कोर्टाच्या फाटकाबाहेर पत्र्याखाली एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक टाइपरायटर, एवढ्यावर त्यांनी भावाला शिकवलं, नोकरीला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. स्वतःचं केलं नाही. का, हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही, आणि माझी जीभ काही आखूड नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

एकतीस वर्षं त्या फाटकाशी बसल्या. घटस्फोट, मृत्युपत्रं, माफीचे अर्ज, भावाने भावावर केलेल्या फिर्यादी, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. शेजारचे टायपिस्ट एकच कार्बन पेपर फाटेस्तोवर वापरायचे. वन्सं तो एकदा वापरून जाळायच्या, कारण उजेडासमोर धरला की कार्बनवरचं वाचता येतं. चुकलेल्या पानाचेही चार तुकडे करून पत्र्याच्या डब्यात जाळायच्या. "बाई, कागद जाळता की पाप?" असं एक वकील येता-जाता विचारायचा. वन्संचं उत्तर ठरलेलं. "कानातून आत, बोटांतून बाहेर. डोक्यात काही राहत नाही माझ्या." पहिल्याच वर्षी त्यांनी एका कागदातली गोष्ट मैत्रिणीला गंमत म्हणून सांगितली होती. ती फिरत फिरत कुठवर गेली आणि त्या कागदातल्या बाईचं पुढे काय झालं, ते त्या कुणाला सांगत नाहीत.

त्यांचा टाइपरायटरही एक नमुनाच. नवा परवडत नव्हता, म्हणून दुरुस्तीवाल्याने दोन मोडक्या यंत्रांतून एक उभं करून दिलं. सांगाडा एकाचा, अक्षरं दुसऱ्याची, आणि जी कळ जिथे बसली तिथे ती बसली. त्यामुळे त्याची मांडणी जगातल्या कुठल्याच यंत्राशी जुळत नव्हती. दुसरं कुणी त्यावर बसलं तर अर्जाच्या जागी नुसती बडबड उमटायची. वन्संच्या बोटांना मात्र तीच मांडणी सवयीची झाली.

पुढे कोर्टात टाइपरायटरवरचे कागद घेईनासे झाले. वन्सं तेव्हा पन्नाशीच्या. या वयात बोटांना नव्याने बाराखडी शिकवायची म्हणजे चालत्या माणसाला पुन्हा रांगायला लावणं. तेव्हा दुरुस्तीवाल्याचा जावई देवासारखा धावून आला. तो संगणकातला माणूस. दोन दिवस टाइपरायटरशेजारी बसून त्याने एकेक कळ टिपून घेतली आणि खास वन्संसाठी एक फॉन्ट बनवून दिला. संगणकाच्या कीबोर्डवर त्याच जागी तेच अक्षर. वन्सं घरून काम करू लागल्या, टाइपरायटर उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पलंगाखाली गेला, आणि जावई परदेशी निघून गेला. आज तो कुठे आहे, आहे की नाही, कुणाला पत्ता नाही.

हे झालं वन्संचं. आता मी. मी वन्संच्याच इमारतीत खाली राहते आणि एका शाळेत संगणकाची खोली सांभाळते. बंद पडलेलं चालू करणं, अडकलेलं सोडवणं, यात माझा हात बरा आहे, पण हातापेक्षा तोरा जास्त. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमचे हे माझ्या तोंडावर म्हणतात. मी वन्संच्या त्या जुन्या संगणकाच्या मागेच लागले होते. चौदा वर्षांचं धूड. सुरू केलं की पडद्यावर चित्र येईपर्यंत आंघोळ आटपावी. त्यात आता रोज एक सूचना येऊ लागली, की या ऑपरेटिंग सिस्टिमला यापुढे कुणी वाली नाही. मी म्हटलं, "वन्सं, जुनी काढून हलकी, नवी टाकते. फुकट मिळते. दोन तासांचं काम."

त्या म्हणाल्या, "आत सिस्टरबाईंचं काम आहे."

सिस्टरबाई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका. घशाच्या आजाराने त्यांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं. म्हणजे ऑपरेशननंतर आवाज कायमचा जाणार. हात तर आधीपासूनच कापायचे, चार ओळींच्या वर लिहवत नसे. म्हणून ऑपरेशनच्या आधीचे बारा दिवस रोज सकाळी त्या वर येत आणि दार लावून वन्संना सांगत. बसक्या, फाटक्या आवाजात. कुणासाठी, ते सगळ्या इमारतीला कळत होतं. त्यांना एक मुलगा आहे. तो चार वर्षांचा असताना त्याला नवऱ्याच्या घरी टाकून त्या निघून आल्या आणि पुन्हा कधी फिरकल्या नाहीत, असं लोक म्हणत. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं होतं. जिन्यात उभी राहून, दोन बायकांसमोर, चांगलं मोठ्याने.

तर ते काम पूर्ण झालं होतं. अडतीस पानं. पण वन्सं तपासल्याशिवाय छापत नाहीत. ऑपरेशननंतर सिस्टरबाईंना एकदा वाचून दाखवायचं, त्यांनी मान डोलावली की एकच प्रत काढायची आणि संगणकातलं पुसून टाकायचं, अशी पद्धत. तोवर प्रत्येक पानाखाली एक ओळ टाइप केलेली असते: तपासणे बाकी.

"त्याला धक्का लागता कामा नये," वन्सं म्हणाल्या.

"नाही लागणार. आधी बाजूला काढून ठेवते. एकच तर फाइल आहे."

"आणि उघडून बघू नकोस."

"नाही बघत!" मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं.

शनिवारी वन्सं सिस्टरबाईंबरोबर इस्पितळात गेल्या आणि मी किल्ली घेऊन वर आले. "तिकडे एक ऑपरेशन, इकडे एक," आमचे हे म्हणाले. विनोद वाईट होता, पण मी हसले. फाइल पेनड्राइव्हवर घेतली. आकार जुळतो का पाहिलं, जुळला. शाळेत मी पोरांना शंभरदा सांगते की काढलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, मगच मूळ पुसा. इथे मी ती उघडली नाही. उघडली असती तर तेव्हाच दिसलं असतं. पण सव्वीस वर्षांत एकदा तरी वन्संचा नियम तंतोतंत पाळून दाखवायचा होता मला.

पडद्यावर प्रश्न आला: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की पुढे जायचं? इतकं स्पष्ट मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, लग्नाच्या वेळीसुद्धा नाही. मी हो म्हटलं. दोन तासांनी संगणक असा पळायला लागला की माझा मलाच अभिमान वाटला. टेबल पुसलं, वायरी बांधल्या, फाइल परत जागेवर ठेवली आणि घरी गेले.

रविवारी सकाळी वन्संचा फोन आला. "वहिनी, वर ये." बस, एवढंच.

पडद्यावर फाइल उघडी होती. पानं अडतीसच, पण त्यावर आपलं एकही अक्षर नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, लहान-मोठी, कुठे स्वल्पविराम, कुठे कंस, अर्थ काहीच नाही. तेव्हा मला कळलं ते त्या जावयाला चौदा वर्षांपूर्वी कळलं होतं. संगणक आत फक्त इंग्रजी कळा साठवत होता. त्यावर आपल्या अक्षरांचा मुखवटा चढवायचा तो फॉन्ट. आणि फॉन्ट फाइलबरोबर नसतो, सिस्टिमच्या पोटात असतो. मी तेच पोट साफ करून ठेवलं होतं.

"फॉन्टची सीडी?" मी विचारलं.

"तो नव्हता देऊन गेला. इथेच बसवला होता."

सोमवार, मंगळवार मी रजा काढून जंग जंग पछाडलं. मिळेल तो फॉन्ट उतरवून लावला. अक्षरं आपली यायची, पण शब्द एक लागेल तर शपथ. डिस्क दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "बाई, नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं. तुम्ही तर पुसून वर नवीन लिहिलंय." मी चांगलं काम केलं होतं ना, म्हणून.

वन्सं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तू एकदाही उघडून नाही पाहिलीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, उघडू नकोस."

"हो," त्या म्हणाल्या. "मीच म्हणाले होते."

थोड्या वेळाने मी भीत भीत विचारलं, "वन्सं, तुम्हीच तर टाइप केलंय. आठवेल तेवढं..."

"डोक्यात काही राहत नाही माझ्या. आणि राहिलं असतं तरी तिच्या तोंडी माझी वाक्यं घालणारी मी कोण?"

बुधवारी त्यांनी मला इस्पितळात धाडलं. "तू पुसलंस, तू सांग." सिस्टरबाई खाटेवर बसलेल्या होत्या. गळ्याला पट्टी, त्यातून नळी, मांडीवर पाटी. मी सगळं सांगितलं. मध्ये रडले, ते त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. आयुष्यभर खाटेशी रडणारी माणसंच पाहिलेली बाई ती. मग त्यांनी पाटीवर थरथरत लिहिलं: गुरुवार. पुसून पुन्हा लिहिलं: येणार.

मुलगा येणार होता, पुढच्या गुरुवारी. दुपारी येऊन पाचच्या गाडीने परत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तेही इस्पितळाने कळवलं म्हणून. मी म्हटलं, "मग आता तुम्हीच भेटून..." त्यांनी जोरजोरात नकाराची मान हलवली. स्वतःच्या नळीकडे बोट दाखवलं. लिहिलं: आधी वाचू दे. मग वाटलं तर येईल. "वाटलं तर" खाली त्यांनी रेघ मारली. त्यांना दयेपोटी भेट नको होती. मी जिन्यातलं माझं बोलणं आठवत खाली मान घालून बाहेर पडले.

परत आले तर वन्सं संगणकासमोर बसलेल्या. मी इस्पितळातलं सांगितलं. त्यांचे हात कीबोर्डवर गेले आणि रागारागात त्यांनी एक ओळ टाइप केली. पडद्यावर अर्थातच इंग्रजी कचरा. वन्संच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, त्या पडद्याला नाक लावून बघत राहिल्या.

"वहिनी, त्या फाइलचं कुठलंही पान काढ. सगळ्यात खालची ओळ बघ. हीच आहे?"

मी पाहिलं. अक्षर न् अक्षर तेच.

"मी 'तपासणे बाकी' टाइप केलं," वन्सं म्हणाल्या. त्यांनी हात उचलून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "अगं, हे काही पुसलं गेलेलं नाही. माझी बोटं कुठे कुठे पडली, ते सगळं लिहिलंय यात. पलंगाखालचं यंत्र काढ."

त्याच जागेवरची कळ, तेच अक्षर. संगणकाने कुठली कळ दाबली ते सांगायचं, टाइपरायटरने त्या कळेचं अक्षर उमटवायचं. मी हुरूप येऊन म्हटलं, "मग यंत्र कशाला? मी तक्ता करते आणि संगणकातच एकेक अक्षर बदलून टाकते."

"म्हणजे तू वाचणार."

"वन्सं, आता तरी!"

"तू कळा वाच. मी अक्षरं लिहीन." विषय संपला.

यंत्राची शाईची फीत वाळून खडखडीत झालेली. रबरी शिक्के करणाऱ्याकडून शाई आणून ती भिजवली. यंत्राला तेल दिलं. कागदाच्या बारीक चिठ्ठ्यांवर इंग्रजी अक्षरं लिहून मी एकेका कळेवर चिकटवली. तासाभरात वन्संना त्या चिठ्ठ्यांचीही गरज उरली नाही. गुरुवारी सकाळी आम्ही बसलो. मी पडद्याकडे तोंड करून, यंत्राकडे पाठ. ही बैठकही त्यांनीच ठरवली.

"एम. एस. मोठा बी. जागा. डी. के. जागा."

असं सात दिवस. शाळेत कळवलं की घरात आजारपण आहे, आणि तसं ते होतंच. पहिल्या दिवशी तीन पानं झाली, मग पाच, मग सहा. माझा घसा बसला, वन्संच्या बोटांची पेरं सुजली. त्या यंत्राच्या कळा म्हणजे काही कीबोर्ड नव्हे, प्रत्येक अक्षराला ठोसा मारावा लागतो. रोज दुपारी झालेली पानं त्या स्वतः इस्पितळात नेत, सिस्टरबाईंना हळू आवाजात वाचून दाखवत, आणि मान हलली की परत आणून पाकिटात ठेवत. काही जोडाक्षरं जावयाने संगणकात वेगळे आकडे दाबून उमटतील अशी बसवली होती, ती यंत्रात नव्हतीच. तिथे वन्सं जागा सोडत आणि सिस्टरबाई कापत्या हाताने पेनने अक्षर भरत.

मी काय वाचते आहे, हे मला कळत नव्हतं. एखाद्याच्या घरातलं सामान डोळे बांधून हलवावं तसं चाललेलं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. अक्षरांचा एक गट सारखा येत होता. डी के, जागा, एफ जे एम एस, जागा, जी जे एस आर एस, पूर्णविराम. दर दोन-तीन पानांनी, परिच्छेदाच्या शेवटी, न चुकता. तो आला की माझ्या पाठीमागचं यंत्र एक क्षण थांबायचं आणि मग चालू व्हायचं.

"वन्सं, हे काय आहे? सारखं येतंय."

"पुढे वाच."

मी मोजायला लागले. अडतिसावं पान संपलं तेव्हा एकोणीस झाले होते.

बुधवारी दुपारी शेवटची पानं घेऊन वन्सं इस्पितळात गेल्या. घरात मी आणि ते यंत्र. सव्वीस वर्षांचा तो नियम माझ्या डोळ्यांसमोर होता, नव्हता असं नाही. मी एक कोरा कागद चढवला आणि चिठ्ठ्या बघत एका बोटाने कळा दाबल्या. डी, के. एफ, जे, एम, एस. जी, जे, एस, आर, एस.

मी आले होते.

मी खुर्चीत बसूनच राहिले. एकोणीस वेळा. जिन्यात मी काय बोलले होते ते शब्द न् शब्द आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मग त्या कागदाचे चार तुकडे केले आणि गॅसच्या ज्योतीवर जाळून राख मोरीत सोडली. वन्सं आल्या, त्यांनी हवेत वास घेतला, आणि चहा टाकायला आत गेल्या.

गुरुवारी दोन वाजता तो आला. साठीकडे झुकलेला, अंगात चांगला कोट, केस आईसारखेच मागे वळवलेले. दारातच म्हणाला, "इस्पितळातून तुमचा पत्ता दिला. काय सही-बिही हवी असेल तर द्या, करून टाकतो."

"सही नको आहे. बसा," वन्सं म्हणाल्या आणि पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. "तुमच्या आईंनी सांगितलेलं आहे. आधी हे वाचा, असा त्यांचा निरोप आहे."

त्याने पाकिटाची जाडी पाहिली आणि तो हसला. वाईट हसला. "एवढं? मी चार वर्षांचा होतो, बाई. आत्याने वाढवलं मला. शाळेचा पहिला दिवस, दहावीचा निकाल, माझं लग्न. ती एकदासुद्धा आली नाही. एकदासुद्धा. आता आवाज गेल्यावर तिला बोलायचंय होय?"

वन्संनी पाकीट त्याच्यापुढे सरळ केलं.

"काय आहे यात? माफी मागितलीय?"

"मला माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. "मी फक्त टाइप करते."

"मग राहू दे. तिला सांगा, पोहोचलं. मी स्टेशनवर जाऊन बसतो." त्याने पाकीट टेबलावर सरकवलं आणि उठला. वन्सं त्या पाकिटाकडे बघत होत्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले. मला ते ओठ माहीत होते. ते उघडणार नव्हते. तो दारापर्यंत पोहोचला, एक पाय जिन्यात.

"त्या आल्या होत्या," मी म्हटलं.

तो वळला. "काय?"

"आल्या होत्या त्या. एकोणीस वेळा लिहिलंय तसं. मी मोजलंय." माझा आवाज आधीच बसलेला, त्यात तो चिरकला. "बाकी मला काही माहीत नाही. मला तेवढंच वाचता येतं."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे होऊन त्यांनी खुर्ची मागे ओढली, गिऱ्हाइकासाठी ओढतात तशी. तो बराच वेळ दारात उभा होता. मग येऊन बसला आणि त्याने पाकीट उघडलं. पहिल्या पानावर पेनने भरलेलं एक अक्षर होतं, कापऱ्या हाताचं. त्यावर त्याने बोट ठेवलं.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. बाहेरून फक्त पानं उलटल्याचा आवाज येत होता, तोही थांबून थांबून. एकदा तो "आत्या" असं काहीतरी म्हणाला, मोठ्याने, आणि मग शिवी दिली. चार वाजले. साडेचार झाले. वन्सं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. पाचची गाडी गेली असेल तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात आला. पाकीट छातीशी धरलेलं, कोट खुर्चीवरच राहिलेला.

"तिथे भेटायची वेळ कितीपर्यंत असते?" त्याने विचारलं.

"सातपर्यंत," वन्सं म्हणाल्या. "दुसरा मजला. उजव्या हाताची तिसरी खाट."

तो गेला. मी त्याचा कोट घेऊन जिन्यात धावले, परत आले तेव्हा वन्सं टाइपरायटरसमोर बसून नखाने कळांवरच्या चिठ्ठ्या सोडवत होत्या. मी समोर उभी राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी कुणाची इतकी वाट पाहिली नव्हती. म्हटलं, आता काय म्हणायचं ते म्हणा.

"तू वाचलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी आणखी एक चिठ्ठी सोडवली. ती बोटाला चिकटून बसली, तर त्यांनी दुसऱ्या हाताने ओढून काढली.

"मी गप्प बसले असते," त्या म्हणाल्या. "तो गेला असता, आणि मी इथे बसून त्याला जाऊ दिलं असतं."

"पण वन्सं, तुम्हाला कुठे माहीत होतं? तुमच्या तर डोक्यात काही..."

त्यांनी मान वर केली. मोतीबिंदूने धुरकटलेले ते डोळे भरून आले होते.

"सगळं राहतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "पहिल्या कागदापासूनचं सगळं."

मग त्या पुढची चिठ्ठी सोडवायला लागल्या, आणि मी त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्या बाजूने सोडवायला घेतल्या.